साखळी आणि तिची दोन चक्रे



या व्यासपीठावरून राज्यांचे उदयास्त, संतांची चरित्रे आणि देशापुढील मोठमोठे प्रश्न ऐकण्याची आपणांस सवय आहे. मोटरसायकलची साखळी हा विषय जाहीर झाला तेव्हा, हे प्रकरण व्याख्यानमालेचे की गॅरेजचे, अशी शंका काही वडीलधाऱ्या मंडळींनी आमच्याकडे बोलून दाखविली. शंका रास्त आहे. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नाही की इतिहासाचे प्राध्यापक नाही. पण या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक कारण घडले, ते आधी सांगतो. मग विषय येथे शोभतो की नाही हे आपणच ठरवावे.

आमच्या युनियनमधील एक फिटर बंधू रोज वीस-बावीस किलोमीटर मोटरसायकलने कामावर येतो. त्याच्या गाडीची साखळी सैल पडून खडखडू लागली होती. साखळी आणि पुढची-मागची दातेरी चक्रे असा पुरा संच घ्यावा की नुसती साखळी घ्यावी, असे त्याने आम्हाला विचारले. महिनाअखेर होती. आम्ही मोठ्या जाणतेपणाने म्हणालो, "अरे, चाकांना काय धाड भरली आहे? चेन तेवढी बदल." त्याने ऐकले. चार महिन्यांनी, पहिल्या पाळीला येत असताना, ती साखळी चक्रावरून उतरली, मागच्या चाकात अडकली आणि गडी रस्त्यावर आपटला. कोपराचे हाड दुखावले. ठेकेदाराकडचा कामगार; सहा दिवसांची मजुरी गेली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा रागाचा एक शब्दही न काढता त्याने विचारले, "अण्णा, चेन तर नवी होती. मग उतरली कशी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. कामगाराला सल्ला देणे हे ज्याचे आयुष्यभराचे काम, त्याने माहिती नसताना सल्ला दिला होता. ती चूक मनाला लागली. म्हणून आम्ही पुस्तके चाळली, कारागिरांना विचारले आणि उत्तर शोधू लागलो. ते सापडले; मात्र त्यासाठी दीडशे-दोनशे वर्षे मागे जावे लागले.

साखळी ही वस्तू जुनी आहे. आपल्या विहिरीवरचा रहाट आठवा. गाडग्यांची माळ चाकावरून अखंड फिरते, भरलेली गाडगी वर येतात, रिकामी खाली जातात. ही माळ पाणी उचलते, पण एका चाकाची गती दुसऱ्या चाकाला पोचविण्याचे काम ती करीत नाही. ते काम साखळीकडून करून घेण्याची कल्पनाही पुष्कळ जुनी आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये खाइफंग येथे सू सुंग या विद्वान अधिकाऱ्याने एक प्रचंड घटिकायंत्र उभारले, त्यात गती पोचविणारी अखंड साखळी होती. इटलीचा लिओनार्दो दा विंची याच्या ज्या वह्या माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९६० नंतरच्या दशकात पुन्हा हाती लागल्या, त्यांतही साखळ्यांची रेखाटने आहेत. कल्पना होती, चित्रे होती. मात्र हजारो फेरे खाऊनही टिकेल अशी साखळी करणे त्या काळच्या पोलादाला आणि हत्यारांना शक्य नव्हते.

पुढचे पाऊल पडले ते फ्रान्समध्ये. आंद्रे गाल हा तेथील पदके कोरणारा कारागीर. १८२९ साली त्याने एका साखळीचे पेटंट घेतले. तिची रचना सोपी होती. पोलादी पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि त्यांच्या भोकांतून आडव्या पिना घालून त्या जोडायच्या. चक्राचे दात दोन पिनांच्या मधल्या जागेत शिरतात आणि साखळी ओढतात. ओझी उचलणाऱ्या यंत्रांवर, जेथे फिरण्याचा वेग थोडा असतो, तेथे ही साखळी उत्तम चालली. वेग वाढला की मात्र तिचा दोष उघडा पडे. सारा ताण पट्टीच्या भोकाच्या अरुंद कडेवर येई. पट्टी म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची. तेवढी कड पिनेवर घासत राही आणि पिनेला खाचा पडत. शिवाय चक्राचा दात थेट पिनेवरच घासे. दोन्हीकडून मार एकट्या पिनेवर.

आता आपण इंग्लंडमध्ये, लँकेशायर परगण्यात जाऊ. जगाचा कापूस तेव्हा तेथे कातला आणि विणला जाई, आणि आमच्या मुंबईच्या गिरण्यांतली यंत्रेही बहुतांशी तिकडूनच येत. कापडयंत्रांना साखळ्या लागत. मँचेस्टरला लागूनच असलेल्या सॅल्फर्डमध्ये जेम्स स्लेटर हा गृहस्थ त्या बनवीत असे. साखळीतील सुधारणेचे एक पेटंट त्याने १८६४ साली घेतले होते. १८७३ साली स्वित्झर्लंडच्या आराउ गावाहून एकवीस वर्षांचा एक तरुण मँचेस्टरला आला. त्याचे नाव हान्स रेनॉल्ड. १८७९ साली त्याने स्लेटरचा तो लहानसा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी, १८८० साली, आपल्या साखळीचे पेटंट घेतले. आज आपल्या दाराशी उभ्या असलेल्या मोटरसायकलवर जी साखळी आहे, ती मूळ रचनेने हीच होय.

रेनॉल्डने केले काय? त्याने पिनेभोवती एक पोकळ नळी बसविली. तिला आमचे कारागीर बुश म्हणतात. ही नळी आतल्या दोन पट्ट्यांत घट्ट बसते, पिन बाहेरच्या दोन पट्ट्यांत घट्ट बसते, आणि साखळी वळते तेव्हा पिन नळीत फिरते. म्हणजे जो ताण पूर्वी पट्टीच्या कडेवर एकवटत असे, तो आता नळीच्या संपूर्ण लांबीवर पसरला. नळीवर त्याने आणखी एक सुटे वेटोळे चढविले, तो रोलर. दात आता पिनेला किंवा नळीला शिवत नाही. तो रोलरला टेकतो आणि रोलर गरकन फिरून घासणे टाळतो. साखळी टिकाऊ झाली ती यामुळे. पोलाद जास्त घातले म्हणून नव्हे, तर भार अनेक ठिकाणी वाटून दिला म्हणून. चळवळीतल्या माणसाला हे तत्त्व ओळखीचे वाटावे यात नवल नाही.

या शोधाला लागलीच गिऱ्हाईक मिळाले ते सायकलीचे. त्यापूर्वीची उंच सायकल आपण चित्रांत पाहिली असेल. पुढचे चाक माणसाएवढे, मागचे पाटाएवढे. तिचे पायटे थेट पुढच्या चाकाच्या आसाला असत. पायट्याचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. म्हणून वेग हवा तर चाक मोठे करण्यावाचून गती नव्हती. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने रोव्हर नावाची सायकल बाजारात आणली. तिची चाके जवळजवळ सारखी, आणि मागचे चाक साखळीने फिरणारे. आता पुढच्या चक्राला चाळीस दात आणि मागच्याला वीस ठेवले, की पायट्याच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे होऊ लागले. चाकाचा आकार न बदलता, नुसते दात मोजून वेग आणि जोर यांचे प्रमाण ठरविता येऊ लागले. दातांच्या संख्येची निवड, ज्यावर आजही आमच्या गॅरेजांतून वाद रंगतात, ती तेथून सुरू झाली. आमच्याकडे १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि तेथून पुढे १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, हे आपणांस ठाऊक आहेच. अमेरिकेत राइट बंधूही सायकलींचेच कारागीर. १९०३ साली त्यांनी जे विमान उडविले, त्याचे दोन्ही पंखे एंजिनाने साखळ्यांच्या साहाय्यानेच फिरविले होते.

मोटरसायकलने मात्र साखळी सहजासहजी स्वीकारली नाही. सुरुवातीच्या पुष्कळशा गाड्या पट्ट्यावर चालत. पट्टा स्वस्त, आवाज न करणारा आणि धक्के सोसणारा. पण पाऊस आला की तो घसरे, आणि चढ आला की स्वारावर उतरून ढकलण्याची पाळी येई. याचा निकाल लागला १९११ साली, आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीत. त्या वर्षी शर्यत प्रथमच डोंगरातल्या वाटेने नेली होती. मोठ्या गटात पहिले तिन्ही क्रमांक 'इंडियन' या गाड्यांनी पटकावले. नावावरून आपण फुशारून जायला नको; कंपनी अमेरिकेतील होती आणि नाव तेथल्या मूळ रहिवाशांवरून घेतलेले होते. त्या गाड्यांना दोन गतींचे गिअर होते आणि साखळी होती. पट्ट्याचे दिवस त्यानंतर भराभर सरले.

एक फरक येथे ध्यानात ठेवावा. सायकलीचे मोठे चक्र पुढे असते, मोटरसायकलचे मागे. माणसाचे पाय सावकाश फिरतात, म्हणून सायकलीत वेग वाढवावा लागतो. एंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते, म्हणून मोटरसायकलीत वेग कमी करून जोर वाढवावा लागतो. पुढचे लहान चक्र म्हणूनच अधिक फिरते आणि त्याचे दातही अधिक झिजतात.

आता इतिहासातून आपण आपल्या दुकानाच्या फळीकडे येऊ. साखळीवर आकडे कोरलेले असतात. ४२०, ४२८, ५२०, ५३० असे. अनेकांना वाटते की हे कंपनीचे काही गुप्त अंक असावेत. तसे काही नाही. पहिला आकडा एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर सांगतो, इंचाच्या आठव्या भागांत. चार म्हणजे चार-अष्टमांश, अर्थात अर्धा इंच. पाच म्हणजे ५/८ इंच. या अंतराला पिच म्हणतात. पुढचे दोन आकडे रुंदीचा वर्ग दाखवितात. ४२० च्या साखळीची आतली रुंदी पाव इंच, ४२८ ची ५/१६ इंच. ५२० ची पाव इंच, ५३० ची ३/८ इंच. आकड्यापुढे 'एच' अक्षर असेल तर पट्ट्या अधिक जाड आहेत असे समजावे. आमच्या रस्त्यांवरील लहान गाड्यांना बहुधा अर्धा इंची साखळी असते. ४२० आणि ४२८ यांचे पिच एकच आहे, म्हणून ४२० च्या बारीक दातांच्या चक्रावर ४२८ ची साखळी चढते. पण चढली म्हणजे बसली असे नव्हे. ती बाजूंना हेलकावे खाते आणि दोघांचाही नाश करते. पिच, रुंदी आणि कड्यांची संख्या, हे तिन्ही आकडे जुळल्याखेरीज माल घेऊ नये.

हे आकडे सगळ्या कारखान्यांना समान आहेत ही गोष्ट आपल्याला आज मामुली वाटते. पण विचार करा. प्रत्येक कारखानदाराने आपापले माप ठेवले असते, तर एकदा गाडी घेतलेला माणूस जन्मभर त्याच दुकानाचा ऋणको झाला असता. मापे ठरली, ती सर्वांनी पाळली, म्हणून गिऱ्हाइकाला निवड करता येते. प्रमाणमाप हा एक प्रकारचा सामुदायिक करारच आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा लाभ होतो तो ज्याच्या खिशात पैसे थोडे आहेत त्याला.

इतके समजल्यावर आमच्या फिटर बंधूच्या प्रश्नाचे उत्तर देता येते.

साखळी 'ताणली' असे आपण म्हणतो. वास्तविक पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. झीज होते ती आत, पिन आणि नळी यांच्या सांध्यात, जेथे आपली नजर पोचत नाही. समजा, साखळीला १०४ कड्या आहेत आणि प्रत्येक सांधा फक्त एक-दशांश मिलिमीटर झिजला. एका सांध्यात ही झीज डोळ्याला दिसणार नाही. पण १०४ सांध्यांची मिळून साखळी दहा मिलिमीटरांहून अधिक लांब झाली. म्हणजेच तिचे पिच आता अर्धा इंच उरले नाही, किंचित वाढले. चक्राचे दात मात्र अर्ध्या इंचाच्या हिशेबाने कापलेले आहेत. मग वाढलेल्या पिचाची साखळी दाताच्या बुडाशी न बसता वर सरकून बसते, आणि दातांना तिरके घासून काढते. काही महिन्यांत दात एका अंगाने खरवडले जातात आणि आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात.

आता अशा झिजलेल्या चक्रांवर नवी साखळी चढवा. नव्या साखळीचे पिच बरोबर आहे, पण दातांनी जुन्या, वाढलेल्या साखळीचा आकार घेतला आहे. जो भार सात-आठ दातांनी वाटून घ्यायचा, तो एक-दोन दातांवर येतो. रोलर वाकड्या दातातून सुटताना अडखळतो, झटका बसतो आणि नवी साखळी वर्षाचे आयुष्य महिन्यांत संपवून बसते. मग एखाद्या दिवशी ती दातांवरून उडी मारते आणि उतरते. आमच्या फिटर बंधूची साखळी नवी होती हे खरेच. तिला भेटलेली चक्रे जुनी होती. उलट बाजूनेही हेच होते. नव्या चक्रांवर जुनी साखळी चढविली, तर ती नवे दात लवकरच आपल्यासारखे करून टाकते. म्हणून साखळी आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलावी. ही तीन माणसांची नव्हे, एकाच माणसाची तीन अंगे आहेत असे समजावे. संचाला त्या दिवशी पैसे जास्त पडतात. वर्षाचा हिशेब मांडला तर ते कमी भरतात, आणि रुग्णालयाचा हिशेब त्यात धरलेलाच नसतो.

बदलण्याची वेळ आली हे कसे ओळखावे? यासाठी पट्टीएवढे स्वस्त हत्यार नाही. अर्धा इंची साखळीच्या २४ कड्या नव्या असताना बरोबर बारा इंच, म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर भरतात. साखळी ताठ धरून, पहिल्या पिनेच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. ३११ मिलिमीटर, म्हणजे सव्वाबारा इंच भरले तर दोन टक्के वाढ झाली. साखळीचे दिवस भरले. गाडीच्या पुस्तकात याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी. पट्टी जवळ नसेल, तर मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला साखळी बोटांनी धरून मागे ओढून पाहावी. ती दातापासून सुटून निम्मा दात उघडा दिसला तर समजावे की काम झाले.

दातांची संख्या बदलावी काय, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. "पुढे एक दात वाढवा, ॲव्हरेज वाढेल", हा सल्ला आपण सर्वांनीच ऐकला आहे. हिशेब करून पाहू. पुढे १४ आणि मागे ४२ दात असले तर प्रमाण तीनास एक पडते. पुढचे १५ केले तर ते २.८ होते. तोच परिणाम मागच्या चक्राने साधायचा तर ४२ चे ३९ करावे लागतील. पुढचा एक दात मागच्या तिघांना भारी आहे तो असा. यामुळे त्याच वेगाला एंजिनाचे फेरे सुमारे सात टक्क्यांनी कमी होतात. सपाट, मोकळ्या रस्त्यावर, एकटा स्वार असेल तर ते मानवते. पण मागे कुटुंब, पुढे टाकीवर पोर, हँडलला पिशवी आणि समोर घाट असेल, तर चढाला जोर कमी पडतो, खालच्या गिअरात जावे लागते, क्लच घासतो आणि वाचलेले पेट्रोल तेथेच खर्ची पडते. पुढचे चक्र लहान केले तर जोर वाढतो. परंतु साखळीला अधिक तीव्र वळण घ्यावे लागते. साखळी चक्रावर गोल वळत नाही, ती कोनाकोनाने वळते. त्यामुळे प्रत्येक कडीगणिक तिचा वेग किंचित कमी-अधिक होतो. १४ दातांना हा फरक सुमारे अडीच टक्के, दहा दातांना जवळजवळ पाच टक्के. तेवढे धक्के वाढतात आणि झीजही वाढते. आपले काम नेहमीच्या रस्त्याने कामावर जाण्या-येण्याचे असेल, तर कारखान्याने दिलेली संख्याच ठेवावी, असे आमचे मत झाले आहे. आता मत देताना आम्ही आधी हिशेब करतो, एवढाच पूर्वीपेक्षा फरक.

दातांच्या संख्येत आणखी एक मौज आहे. १०४ कड्यांच्या साखळीला पुढे १३ दात दिले, तर १०४ ला १३ ने नि:शेष भाग जातो. म्हणून तीच कडी दर फेऱ्यात त्याच दातावर येते. एखादी कडी खराब असली तर ती नेमका एकच दात कुरतडत राहते. १५ दात असतील तर तीच कडी त्याच दातावर पुन्हा येईपर्यंत साखळीचे पंधरा फेरे होतात आणि झीज सर्वांत वाटली जाते. जुन्या यंत्रकारांनी हे गणित कागदावर मांडून ठेवले आहे.

जोडणीच्या वेळी पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण जिवाशी गाठ असणाऱ्या आहेत. चेनलॉकची जी माशाच्या आकाराची स्प्रिंग असते, तिचे बंद तोंड साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे. उघडे टोक पुढे ठेवले तर काहीतरी अडकून लॉक निसटू शकते. साखळी तारेसारखी ताठ करू नये. माणूस गाडीवर बसला की मागचे चाक वर-खाली होते आणि साखळी आणखी ताणली जाते. पुस्तकात सांगितला तेवढा झोल ठेवावाच. ९० नंबरचे तेल थोडे पण वेळच्या वेळी द्यावे. ज्या साखळीच्या सांध्यांत रबरी कड्या घालून ग्रीस कोंडलेले असते, तिला पेट्रोलने धुऊ नये. रबर खराब होते आणि आतले ग्रीस जाते.

तेल वेळच्या वेळी द्यावे असे आम्ही म्हटले खरे. पण वेळ कोणाकडे आहे? येथे आम्हाला पुन्हा मँचेस्टरला जावे लागते.

रेनॉल्डच्या साखळीचे सारे यश पिन आणि नळी यांच्यातील केसाएवढ्या फटीवर उभे होते. असे अचूक काम थकलेल्या हातांनी होत नाही. त्याच सॅल्फर्डमध्ये मॅदर अँड प्लॅट या यंत्रांच्या कारखान्याने १८९३ साली एक प्रयोग केला. आठवड्याचे ५३ तासांचे काम ४८ तासांवर आणले. वर्षभराने हिशेब पाहिला तर उत्पादन घटलेले नव्हते. पुढे इंग्लंडच्या सरकारी कारखान्यांनीही तो कित्ता गिरविला. रेनॉल्डने आपल्या कारखान्यात ४८ तासांचा आठवडा १८९६ साली सुरू केला. त्याला आम्ही कामगारांचा कैवारी म्हणून मिरविणार नाही. अमेरिकेच्या टेलरसाहेबांची, घड्याळ लावून काम मोजण्याची पद्धत इंग्लंडात आणणाऱ्या पहिल्या मालकांत तोही होता. तो हिशेबी मालक होता. आणि तास कमी केले तर साखळी चांगली होते, हे त्या हिशेबी माणसाला कळले होते.

त्याच सुमारास आमच्याकडे काय होते? मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची एक सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. तासांचे म्हणाल, तर १९२२ साली कायद्याने आठवड्याला ६० ची मर्यादा आली, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना ५४ ची, आणि ४८ तास हाती लागले ते १९४६ ची दुरुस्ती व १९४८ चा फॅक्टरी कायदा यांनी. मँचेस्टरच्या साखळी-कामगारापासून आमच्या कामगारापर्यंत ४८ तास यायला अर्धे शतक लागले.

साखळी स्वतः मात्र त्या मानाने लवकर आली. बुलेट मोटरसायकल १९५५ सालापासून मद्रासला जोडली जाऊ लागली. इंग्लंडातील तिचे उत्पादन पुढे थांबले, पण येथले चालूच राहिले. पुढे साखळ्याही देशातच होऊ लागल्या. चेन्नई आणि कोईमतूरकडचे कारखाने आज त्यांसाठी ओळखले जातात. १८८० साली लँकेशायरात जन्मलेली वस्तू आता आमच्याच कामगारांच्या हातून घडते आणि आमच्याच कामगारांना कामावर नेते. मात्र ज्याला कागदावर आठ तास आणि प्रत्यक्षात बारा तास राबावे लागते, तो घरी येऊन साखळी पुसणार कधी आणि तेल देणार कधी? महिनाअखेर ज्याच्या हाती संचाचे पैसे नसतात, त्याला 'चेन तेवढी बदल' हा सल्ला गोड वाटणारच. आम्ही तो दिला त्याचेही मूळ यातच होते. अज्ञान आमचे होते, पण अडचण त्याची होती. त्या दोहोंच्या मध्ये एक नवी साखळी चार महिन्यांत बाद झाली.

आता आमच्या युनियनच्या कचेरीत खिळ्याला एक पोलादी पट्टी टांगलेली आहे. शनिवारी संध्याकाळी जो येईल त्याची साखळी आम्ही मोजून देतो. ३११ च्या पुढे भरली तर पुरा संच सांगतो, आणि ज्याला एकदम पैसे जमत नाहीत त्याला आमच्या पतपेढीतून ते हप्त्याने मिळतील अशी तजवीज केली आहे. मोजण्याचे काम तोच फिटर बंधू करतो. त्याचा कोपर अजून पुरता सरळ होत नाही, पण पट्टी धरण्यापुरता होतो.

विषय व्यासपीठाला साजेसा होता की नाही याचा निवाडा आपण करा. आमची विनंती इतकीच, की आज घरी गेल्यावर दारातल्या गाडीच्या २४ कड्या मोजा. गाडी आपली नसेल, आपल्या मुलाची असेल, भाडेकरूची असेल किंवा रोज दूध घालणाऱ्याची असेल, तरी मोजा, आणि काय भरले ते त्याला सांगा.